जेनेसिस सोडल्यानंतरचा पीटर गेब्रियल कुठून ऐकायला घ्यावा?

सोलापुरातल्याच एका तरुण ड्रमरने विचारलंय. जेनेसिस या ब्रिटिश रॉक बँडचे, पीटर गेब्रियल त्याचा गायक असतानाचे अल्बम, १९७४ च्या ‘द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे’पर्यंत, त्याचे ऐकून झालेत. आता गेब्रियलचं एकट्याचं काम ऐकायचं आहे. मित्र म्हणतात, ‘सो’ ऐक आणि बाकीचं सोडून दे. पहिला सोलो अल्बम लावून बघितला, तर तो एकाच माणसाचा आहे असं काही वाटलं नाही. त्यात पहिल्या चारही अल्बमचं नाव एकच, ‘पीटर गेब्रियल’. मग आधी कुठला, नंतर कुठला? आणि इंग्रजी शब्द नीट कळत नसतील तर या वाटेला जावं का?

थेट सांगतो. आधी १९८० चा तिसरा अल्बम. कव्हरवर वितळल्यासारखा चेहरा आहे म्हणून लोक त्याला ‘मेल्ट’ म्हणतात. त्यानंतर १९८२ चा चौथा, मग १९८६ चा ‘सो’. तिथवर पोचलात की मागे वळून १९७७ चा पहिला आणि १९७८ चा दुसरा घ्या. मी इथे साउंडचं काम करतो, ड्रम शिकवतो, आणि शिकायला येणाऱ्यांना याच क्रमाने ऐकवतो. ज्या गोष्टींवर आपलं आरामात भागत होतं त्या गेब्रियलने एकेक करून काढून टाकल्या आणि मोकळ्या झालेल्या जागेत काय उगवतं ते ऐकलं. त्याच्या सोलो कामात मला हेच सगळ्यात मोठं वाटतं. पहिल्या अल्बमात ही हिंमत अजून आलेली नव्हती. तिसऱ्यात ती पुरती आलेली आहे.

बँड सोडताना त्याच्याकडे होतं काय? १९६७ साली चार्टरहाउस शाळेतल्या मुलांनी सुरू केलेला बँड, त्याचा नावाजलेला गायक, आणि स्टेजवरचं सोंग. कोल्ह्याचं डोकं आणि लाल झगा घालून तो स्टेजवर यायचा, आणि वर्तमानपत्रांत फोटो छापून यायचे ते त्याचेच. ‘द लॅम्ब’चे जवळजवळ सगळे शब्द त्याने एकट्याने लिहिले, बाकीच्यांनी संगीत केलं, आणि त्यातून ताण वाढत गेला. १९७४ मध्ये त्याची पहिली मुलगी जन्मली ती जिवावरच्या दुखण्यातून वाचली. घर आणि बँड यांची ओढाताण तेव्हा अगदी टोकाला गेली होती. तरी ठरलेला दौरा त्याने पुरा केला आणि १९७५ च्या ऑगस्टमध्ये बाहेर पडल्याचं जाहीर झालं. बँडने नवा गायक शोधला आणि शेवटी तो ड्रमच्या मागेच बसलेला सापडला, फिल कॉलिन्स. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तिसरा अल्बम. पहिलंच गाणं ‘इन्ट्रूडर’. नुसता ड्रम सुरू होतो, जड, संथ, आणि प्रत्येक ठोका एखाद्या मोठ्या दगडी खोलीत पडल्यासारखा फुगतो. पण तो आवाज विरत जात नाही. फुगलेला असतानाच कापला जातो आणि मागे सपाट शांतता राहते. वाजवणारा आहे फिल कॉलिन्स, म्हणजे ज्या बँडमधून गेब्रियल बाहेर पडला त्याच बँडचा माणूस. निर्माता स्टीव्ह लिलीव्हाइट, रेकॉर्डिंग ह्यू पॅजमचं, जागा लंडनचा टाउनहाउस स्टुडिओ.

हा आवाज सापडला कसा ते ड्रमरला माहीत असायलाच हवं. स्टुडिओतले वादक काय बोलताहेत ते कंट्रोल रूममध्ये ऐकू यावं म्हणून आत एक माइक टांगलेला असतो. तो गाणं रेकॉर्ड करण्यासाठी नसतो. कोणी दूरून हळू बोललं तरी ऐकू यावं म्हणून त्याच्यावर जबरदस्त कॉम्प्रेसर लावलेला असतो, म्हणजे बारीक आवाज वर उचलला जातो आणि मोठा आवाज दाबला जातो. कॉलिन्स ड्रम वाजवत असताना तो माइक चालू होता आणि खोलीचा घुमारा ड्रमपेक्षाही मोठा होऊन कानावर आला. त्याच्यावर नॉइझ गेट लावला. गेट म्हणजे आवाज ठरावीक पातळीच्या खाली गेला की दार बंद. त्यामुळे घुमाऱ्याची शेपटी उडाली आणि उरला तो हा फुगून तुटणारा ठोका. पुढच्याच वर्षी कॉलिन्सने स्वतःच्या ‘इन द एअर टुनाइट’मध्ये तो वापरला आणि ऐंशीच्या दशकातल्या अर्ध्याअधिक रेकॉर्डवर त्याची नक्कल झाली. त्या नकला आपण इतक्या ऐकल्यात की मूळ आवाज नेहमीचाच वाटण्याची भीती आहे. म्हणून हे गाणं फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. बऱ्या हेडफोनवर ऐका आणि दोन ठोक्यांच्या मधली शांतता किती काळी आहे तिकडे कान द्या.

पण माझ्या मते खरी गोष्ट त्याच्याही आधीची आहे. गेब्रियलने ड्रमरना अट घातली होती: या अल्बमावर झांजा नाहीत. क्रॅश नाही, राइड नाही, पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी म्हणजे हाय-हॅट, तीही नाही. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या मुलांचा उजवा हात कायम हाय-हॅटवर असतो. त्यावरच ताल तोललेला असतो आणि गाणं चढवायचं झालं की क्रॅश. दोन्ही काढून घेतलं तर हात कुठे जाणार? टॉमवर, म्हणजे सेटमधल्या ढोलांवर जातो, किंवा थांबतो. झांजांच्या चकाकीने भरलेली वरची सगळी जागा मोकळी होते आणि तिथे गळा, सिंथेसायझर, श्वास, खरखर असं काहीही स्पष्ट ऐकू येतं. घुमारा इतका मोठा करता आला तोही त्यामुळेच. त्या माइकमध्ये झांजा घुसल्या असत्या तर नुसता कल्लोळ झाला असता.

‘नो सेल्फ कंट्रोल’ लगेच दुसरं येतं. त्यात लाकडी पट्ट्यांच्या वाद्याचं एक वर्तुळ सतत फिरत राहतं. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या गल्लीत उभं राहिलं की दहा मागांचा खडखडाट मिळून एक अकरावाच ताल ऐकू यायला लागतो, तसं इथे छोटे छोटे तुकडे एकमेकांत अडकून मोठी चाल तयार होते. त्यावर कॉलिन्सचा ड्रम मध्येच कोसळतो. मागे आवाज आहे गायिका केट बुशचा. ‘गेम्स विदाउट फ्रंटिअर्स’मध्येही तीच, फ्रेंच शब्द पुन्हा पुन्हा म्हणणारी. ते गाणं ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं आणि अल्बम पहिल्या. याच अल्बमाला अमेरिकेतल्या अटलांटिक कंपनीने नकार दिला होता. तिथे तो मर्क्युरीने काढला.

शेवटचं गाणं ‘बिको’. दक्षिण आफ्रिकेतला कृष्णवर्णीयांच्या चळवळीचा नेता स्टीव्ह बिको १२ सप्टेंबर १९७७ रोजी पोलिसांच्या ताब्यात असताना मारला गेला. वय तीस. गाण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी त्याच्या अंत्यसंस्काराच्या वेळी लोकांनी म्हटलेल्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण आहे. मधे साडेसात मिनिटांच्या आसपास एकच जड ठोका चालतो. ड्रमर म्हणून तुम्हाला यात वाजवायला फारसं काही सापडणार नाही, आणि तसंच असायला हवं. कुठेही मधली भरणी (ड्रमर जिला ‘फिल’ म्हणतात) नाही, कुठेही चढवाचढव नाही. मोठ्या कार्यक्रमांत हे गाणं शेवटी घेतलं की वादक एकेक करून स्टेज सोडतात आणि लोक गात राहतात. बँड सोडलेल्या गायकाने ‘मी’ हा शब्द इतका लांब ठेवलेला फार थोड्या वेळा ऐकायला मिळतो.

चौथा अल्बम अमेरिकेत ‘सिक्युरिटी’ नावाने मिळतो, बाकी जगात त्यालाही नाव नाही. इथे फेअरलाइट हा संगणकी सॅम्पलर केंद्रस्थानी आहे. गेब्रियलने भंगारातल्या वस्तू ठोकून, काचा फोडून, नळ्यांत फुंकून आवाज गोळा केले आणि ते कीबोर्डवर वाजवले. ‘द रिदम ऑफ द हीट’ हे पहिलं गाणं मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या आफ्रिकेतल्या अनुभवावर आहे. ढोलांपुढे आपला ताबा सुटतो की काय, या भीतीचं गाणं. ते शेवटपर्यंत रोखून धरतं, आणि अगदी शेवटी घानाच्या पद्धतीचे खरे ढोल फुटतात. सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीत वाद्यांच्या अगदी जवळ उभं राहिलेल्या माणसाला ती भीती काय असते हे समजावून सांगावं लागणार नाही. ‘सॅन हासिंतो’ सावकाश उलगडतं, त्याला वेळ द्या. ‘शॉक द मंकी’ त्या वेळी गाजलं होतं, पण या अल्बममधलं ते सगळ्यात भारी गाणं आहे असं मला वाटत नाही.

त्याच वर्षी, १९८२ च्या जुलैमध्ये, त्याने जगभरचे गायक-वादक एकत्र आणणारा ‘वोमॅड’ महोत्सव सुरू केला. संगीत उत्तम झालं, पैशांचा हिशोब मात्र भयंकर बुडाला. तेव्हा मदतीला धावलं कोण, तर जेनेसिस. २ ऑक्टोबर १९८२ रोजी मिल्टन कीन्सला भर पावसात जुना बँड गेब्रियलसोबत एका रात्रीपुरता उभा राहिला आणि त्या कार्यक्रमाचे पैसे महोत्सवाच्या देण्यांकडे गेले. बँड फुटला म्हणजे वैर आलंच, असं आपण धरून चालतो. इथे सात वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या माणसासाठी जुन्या मित्रांनी जे केलं त्याचा मला मनापासून आदर आहे.

आता ‘सो’. मित्रांचं चुकत नाही, अल्बम थोर आहे. माझा आक्षेप फक्त तिथून सुरू करण्याला आहे, कारण मग बाकी सगळं अंधारं आणि अवघड वाटतं. तिसरा आणि चौथा पचवून या, म्हणजे ‘सो’मध्ये त्याने काय परत मिळवलं ते कळेल. सोबत निर्माता म्हणून डॅनियल लॅन्वा. ‘रेड रेन’च्या सुरुवातीला झांजा परत येतात, ‘द पोलीस’ या रॉक बँडचा ड्रमर स्टुअर्ट कोपलँड याची हाय-हॅट पावसासारखी शिंपडली जाते. तिसरा अल्बम तिच्यावाचून ऐकल्यानंतर ती ऐकताना अंगावर काटा येतो. ‘स्लेजहॅमर’मध्ये मेम्फिसचे ब्रास वादक आणि ड्रमवर मानू काचे. त्याचे स्नेअरवरचे बारीक, दबके ठोके नीट ऐका आणि संथ करून वाजवून बघा. ‘बिग टाइम’मध्ये तर बासवादक टोनी लेव्हिनने डाव्या हाताने बासच्या तारा दाबायच्या आणि ड्रमर जेरी मरोटाने त्यांच्यावर ड्रमच्या काठ्या मारायच्या, असं चाललंय. त्यातूनच लेव्हिनने पुढे बोटांना बांधायच्या छोट्या काठ्या बनवून घेतल्या. आणि जुलै १९८६ मध्ये अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावरून ‘स्लेजहॅमर’ने कुणाला खाली उतरवलं? जेनेसिसच्या ‘इनव्हिजिबल टच’ला.

एवढं झाल्यावर पहिल्या अल्बमकडे जा. तो एका माणसाचा वाटत नाही ही तुमची तक्रार बरोबर आहे, आणि तुमचा कान चांगला आहे असंच मी म्हणेन. निर्माता बॉब एझरिन, मोठमोठी, भरगच्च मांडणी करणारा. एका गाण्यात चौघांचा कोरस, एकात लंडनचा आख्खा ऑर्केस्ट्रा, एकात सरळ रॉक. नवा गायक सगळे कपडे घालून बघतोय. ‘हिअर कम्स द फ्लड’ हे त्यातलं अप्रतिम गाणं त्या भाराखाली दबलंय. स्वतः गेब्रियललाही तसंच वाटलं असणार, कारण पुढे १९९० च्या निवडक गाण्यांच्या संग्रहात त्याने ते जवळपास नुसत्या पियानोवर पुन्हा गायलं. दोन्ही लागोपाठ ऐका. काढून टाकण्याबद्दल मी वर जे म्हणतोय ते पाच मिनिटांत पटेल.

‘सॉल्सबरी हिल’ मात्र याच अल्बमात आहे आणि ते पहिल्याच झटक्यात पूर्ण उतरलेलं आहे. बाथ शहराजवळच्या टेकडीवर उभं राहून, हातातलं सगळं सोडून निघून जायचा निर्णय घेणारा माणूस. म्हणजे जेनेसिस सोडण्याचंच गाणं. ताल सात मात्रांचा. तबला थोडाफार जाणणाऱ्याने रूपक धरून बघावा, पण तो तीन-दोन-दोन असा बसणार नाही. इथलं वजन चार आणि तीन असं आहे. गंमत अशी की खाली प्रत्येक मात्रेवर सारखा ठोका चालू असल्यामुळे पाय आपोआप ठेका धरतो आणि पहिल्या फेरीत सात मोजल्याचं लक्षातही येत नाही. फक्त प्रत्येक पुढची ओळ थोडी लवकर येते, जणू चालणाऱ्याला आता थांबायचं नाही. धृपदाच्या शेवटी दोन आवर्तनं चार मात्रांची येतात, गाणं क्षणभर जमिनीवर टेकतं आणि पुन्हा सातावर निघतं. माझ्याकडची मुलं हे वाजवताना त्या दोन आवर्तनांतच घसरतात. तोंडाने गात वाजवा, मोजून वाजवू नका.

दुसऱ्या अल्बमचा निर्माता गिटारवादक रॉबर्ट फ्रिप. कोरडा, रुक्ष आवाज. ‘ऑन द एअर’ आणि ‘मदर ऑफ व्हायोलन्स’ ऐका, बाकी अल्बम घाई नसेल तेव्हा. तिसऱ्या आणि चौथ्या अल्बमची गाणी त्याने जर्मन भाषेतही संपूर्ण गायली आहेत. जिज्ञासा असेल तर ती नंतर.

शब्दांबद्दल. सोलापूरच्या माणसाने या प्रश्नावर अडू नये असं मला मनापासून वाटतं. आपल्या ग्रामदैवताची, सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडात आहेत. पूर्व भागात लग्नाला गेलात तर गाणी तेलुगू. घरी मराठी, बाजारात दखनी हिंदी. न कळणाऱ्या भाषेतलं गाणं आपल्याला लहानपणापासून भिडत आलंय. गेब्रियल स्वतः हेच शिकला. ‘इन युअर आइज’च्या शेवटी सेनेगलचा यूसू न्दूर वोलोफ भाषेत गातो आणि गाणं तिथेच सगळ्यात उंच जातं. आधी शब्दांशिवाय ऐका. आवडलं तर ‘बिको’, ‘फॅमिली स्नॅपशॉट’ आणि ‘वॉलफ्लॉवर’ यांचे शब्द समोर घेऊन बसा, तिथे अर्थ कळायलाच हवा.

याच कारणासाठी १९८९ चा ‘पॅशन’ सोडू नका. मार्टिन स्कोर्सेसीच्या येशूवरच्या चित्रपटाचं हे संगीत, आणि गेब्रियलच्या रिअल वर्ल्ड कंपनीची पहिली रेकॉर्ड. शक्ती या बँडमधला आपला एल. शंकर यात दहा तारांचं दुहेरी व्हायोलिन वाजवतो, नुसरत फतेह अली खानांचा आलाप आहे, इजिप्त, आर्मेनिया, सेनेगलचे वादक आहेत. गेब्रियलचा गळा फारसा नाहीच. गायकाने स्वतःचा गळाच बाजूला ठेवला. भारतीय संगीतावर कान तयार झालेल्या घरात हा अल्बम सगळ्यांसमोर लावता येतो, कुणी बंद करायला सांगत नाही. नुसरतसाहेबांचा ‘मस्त मस्त’ही १९९० साली याच रिअल वर्ल्डवर आला.

१९९२ चा ‘अस’ हा घटस्फोटानंतरचा, उघड्या जखमेचा अल्बम आहे. ‘कम टॉक टू मी’ आणि गायिका सिनेड ओकॉनरसोबतचं ‘ब्लड ऑफ ईडन’ इथून सुरुवात करा. मग दहा वर्षं थांबून २००२ चा ‘अप’. हेडफोनवर पहिलं गाणं लावताना आवाज कमी ठेवा, सुरुवातीच्या शांततेनंतर ते अचानक अंगावर येतं. त्यातल्या ‘सिग्नल टू नॉइझ’मध्ये नुसरतसाहेब गातात. १९९७ मध्ये ते गेले, अल्बम आला तेव्हा त्याला पाच वर्षं झाली होती. तो आवाज वर चढत जातो तेव्हा खाली सगळं वाजत असूनही मला दुसरं काही ऐकू येत नाही. २०१० चा ‘स्क्रॅच माय बॅक’ दुसऱ्यांच्या गाण्यांचा, ड्रम आणि गिटार पूर्ण वर्ज्य करून नुसत्या ऑर्केस्ट्रावर. चांगला आहे, पण तुमच्यासारख्याने तो शेवटी ऐकावा.

मग ‘आय/ओ’. २०२३ साली त्याने दर पौर्णिमेला एक गाणं बाहेर काढलं. पहिलं आलं ते ६ जानेवारीला, शाकंभरी पौर्णिमेला, आपल्याकडे सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेची तयारी चालू असताना. डिसेंबरमध्ये पूर्ण अल्बम आला तेव्हा गेब्रियलने त्र्याहत्तरी ओलांडली होती. वाजवणारे तेच, लेव्हिन आणि काचे. प्रत्येक गाण्याची मिक्सिंग, म्हणजे वाद्यं आणि गळा किती पुढे-मागे ठेवायचे ती जुळणी, वेगवेगळ्या माणसांकडून करून घेतली आहे. स्पाइक स्टेंटचं ‘ब्राइट-साइड’, चॅड ब्लेकचं ‘डार्क-साइड’, आणि तिसरं चहूबाजूंनी ऐकण्याच्या व्यवस्थेसाठी हान्स-मार्टिन बुफचं. साउंड शिकणाऱ्यासाठी याच्याइतकं चांगलं पुस्तक नाही. ‘पॅनॉप्टिकॉम’ घ्या, दोन्ही मिक्स एकाच पातळीवर लावा, आणि फक्त ड्रमकडे लक्ष द्या: बासड्रम कुठे बसवलाय, खोली किती ऐकू येते, झांजा गळ्याच्या पुढे आहेत की मागे. जे ऐकू येईल ते कागदावर लिहा. मग गळ्याकडे लक्ष देऊन तेच पुन्हा करा.